कायोवा लोकांचे धार्मिक समारंभ : अभ्यास कसा करावा, उपस्थित कसे राहावे

कायोवा ही उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील एक मूलनिवासी जमात आहे. तिचे मुख्यालय आज ओक्लाहोमा राज्यातील कार्नेगी या छोट्या गावी असून जमातीची बरीच कुटुंबे कार्नेगी, माउंटन व्ह्यू, अनाडार्को आणि लॉटन या परिसरात राहतात. त्यांच्या स्मृतीप्रमाणे पूर्वज यलोस्टोन नदीच्या उगमाकडील डोंगराळ मुलखातून निघाले, क्रो जमातीशी त्यांची मैत्री झाली, ब्लॅक हिल्सच्या आसपास काही काळ वास्तव्य करून ते दक्षिणेच्या मैदानात उतरले, आणि या वाटचालीत त्यांच्या धर्मजीवनाला आजचे वळण मिळाले.

या परंपरांविषयी वाचू, लिहू किंवा त्या प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कायोवांच्या धर्मजीवनात प्रत्येक गाण्याला, विधीला आणि पवित्र वस्तूला कोणीतरी वारसदार किंवा राखणदार असतो. एखादे गाणे एका घराण्याचे असते, एखादे नृत्य एका मंडळाचे असते, एखादे गाठोडे एकाच व्यक्तीच्या स्वाधीन असते. त्यामुळे ‘याचा अर्थ काय’ हे विचारण्याआधी ‘हे कोणाकडे आहे आणि त्यांनी ते परक्यांसाठी कितपत खुले ठेवले आहे’ हे विचारावे. पुढील सर्व सूचना याच प्रश्नावर उभ्या आहेत.

आधी काय खुले आहे ते पाहावे

‘कायोवा धर्म’ नावाची एकच एकसंध वस्तू समोर ठेवून अभ्यास सुरू केला, तर गोंधळ अटळ आहे. त्यात निदान पाच प्रवाह एकत्र नांदतात, आणि एकच माणूस त्यांपैकी तीन-चार प्रवाहांशी बांधलेला असू शकतो. त्यांपैकी पहिला ‘काडो’, म्हणजे उन्हाळ्यातील मोठा सूर्यनृत्याचा सोहळा. तो आता होत नाही, त्यामुळे तो फक्त इतिहासातून समजून घ्यावा लागतो. दुसरा, दहा पवित्र गाठोड्यांची उपासना. ती आजही आहे, पण ती बाहेरच्यांसाठी नाही. तिसरा, योद्ध्यांच्या मंडळांची नृत्ये. ही बहुतांशी सार्वजनिक आहेत आणि नवख्याने सुरुवात येथूनच करावी. चौथा, पेयोटी या मन भारून टाकणाऱ्या निवडुंगाचा रात्रभराचा विधी, जिथे केवळ निमंत्रणानेच जाता येते. पाचवा, कायोवा भाषेतील ख्रिस्ती भजने, ज्यांची दारे पाहुण्याला बहुधा सहज उघडी असतात.

काडो : ज्याचा इतिहास नीट वाचावा

काडो समजल्याशिवाय बाकीचे काहीच नीट समजत नाही, म्हणून या भागासाठी पुरेसा वेळ द्यावा. जूनच्या सुमारास, कॉटनवुड झाडांचा कापूस वाऱ्यावर उडू लागला की एरवी विखुरलेल्या सर्व टोळ्या नदीकाठी एकत्र जमत. टिप्यांचे, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूंचे, एक प्रचंड वर्तुळ उभे राही, त्याचे तोंड पूर्वेला असे आणि त्यात प्रत्येक टोळीची जागा ठरलेली असे. मध्यभागी कॉटनवुडचा दुबेळक्याचा खांब रोवून त्याभोवती फांद्यांचा मंडप बांधला जाई. खांबासाठी आधी विधिपूर्वक गवा (अमेरिकेतील बायसन) मारून त्याचे कातडे आणावे लागे. सोहळ्याच्या केंद्रस्थानी ‘ताइमे’ ही पवित्र प्रतिमा असे. कायोवांच्या परंपरेनुसार ती त्यांना क्रो लोकांकडून मिळाली. ती एका राखणदाराकडे असे आणि वर्षातून केवळ काडोच्या वेळीच उघडी केली जाई. सोहळा भरवायचा की नाही हे ठरवण्यात या राखणदाराचा शब्द महत्त्वाचा असे, आणि तो दरवर्षी भरेच असे नाही.

येथे एक गैरसमज मुद्दाम दूर करून घ्यावा. मैदानी जमातींच्या सूर्यनृत्याविषयी वाचताना छातीच्या कातड्यात खुंट्या अडकवून घेण्याची वर्णने हमखास भेटतात, आणि अनेक लेखक ती सरसकट सर्व जमातींना लावतात. कायोवांच्या काडोमध्ये अशी आत्मपीडा नव्हती. त्या काळात रक्त सांडणे निषिद्धच होते. ज्या लिखाणात हा फरक पाळलेला नाही, त्यातील इतर तपशीलही पडताळून घेतल्याखेरीज वापरू नयेत.

कालगणनेसाठी कायोवांची स्वतःची साधने आहेत आणि ती वाचायला शिकणे हा या अभ्यासातील अत्यंत समाधान देणारा भाग आहे. दोहासान, सेट्टान आणि अँको यांच्या चित्र-दिनदर्शिका जेम्स मूनी या मानववंशशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात अभ्यासल्या आणि १८९८ मध्ये स्पष्टीकरणासह प्रसिद्ध केल्या. सेट्टानच्या दिनदर्शिकेत हिवाळा उभ्या काळ्या पट्टीने दाखवलेला असतो, कारण तेव्हा झाडपाला मेलेला असतो. उन्हाळा दाखवण्यासाठी काडोच्या मंडपाचे चित्र असते. त्या पट्टीच्या किंवा मंडपाच्या वर त्या ऋतूतील सर्वांत लक्षात राहिलेली घटना काढलेली असते. दिनदर्शिका समोर ठेवून एकेक चिन्ह ओळखत पुढे जावे. काळाचे मोजमापच ज्या समाजाने एका सोहळ्यावर बेतले होते, त्याच्या जीवनात तो सोहळा किती खोल रुजला होता, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

उदाहरणादाखल १८३३ चा उन्हाळा घ्यावा. विचिटा पर्वताच्या परिसरात ओसेज योद्ध्यांनी एका कायोवा छावणीवर अचानक हल्ला केला, अनेकांची मुंडकी कापली आणि ताइमेची प्रतिमा पळवून नेली. ताइमेशिवाय काडो होणे शक्य नव्हते, म्हणून दोन उन्हाळे तो झालाच नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आकाशातून उल्कांचा पाऊस पडला आणि तो हिवाळा ‘तारे पडल्याचा हिवाळा’ म्हणून नोंदला गेला. १८३४ मध्ये अमेरिकन घोडदळाच्या मोहिमेनंतर कायोवा आणि ओसेज यांच्यात समेट झाला, ताइमे परत मिळाली आणि १८३५ मध्ये काडो पुन्हा भरला. लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत हा हल्ला एक चकमक म्हणून येतो. कायोवा नोंदींत मात्र माणसे गेल्याच्या दुःखाशेजारीच ताइमे गेल्याचे दुःख आहे, आणि माझ्या मते हे दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज ती घटना समजत नाही.

काडो का थांबला, याचे उत्तर दोन बाजूंनी शोधावे. एकीकडे गव्यांचे कळप संपले. १८८७ चा काडो हा पूर्ण झालेला शेवटचा. त्यासाठी लागणारा गवा टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट यांच्या खासगी कळपातून मिळवावा लागला. दुसरीकडे सरकारची बंदी होती. १८८३ पासून अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या नियमांनी सूर्यनृत्यासारख्या विधींना गुन्हा ठरवले होते आणि ते करणाऱ्यांचे रेशन तोडण्याची किंवा त्यांना कैदेत टाकण्याची मुभा अधिकाऱ्यांना दिली होती. १८९० च्या जुलैमध्ये कायोवा पुन्हा वॉशिटा नदीच्या काठी जमले, खांब उभे राहू लागले, आणि फोर्ट सिल या लष्करी ठाण्याहून सैन्य निघाल्याची बातमी आली. लोक मंडप अर्धवट सोडून घरी परतले. त्या उन्हाळ्याची दिनदर्शिकेतील नोंद ‘दुबेळक्याचे खांब उभेच राहिले’ अशी आहे. हे सर्व वाचताना ‘परंपरा काळाच्या ओघात लोप पावली’ असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. ती बंद पाडली गेली, आणि कोणी व कशी ते नोंदलेले आहे.

दहा गाठोडी : कुठे थांबावे

कायोवा कथेत सूर्याचा एक मुलगा आहे. कोळ्याच्या (जाळे विणणाऱ्या किड्याच्या) रूपातील आजी त्याला वाढवते. तिने मनाई केलेले कडे तो वर फेकतो आणि ते डोक्यावर पडून त्याचे दोन जुळे भाऊ होतात. अनेक पराक्रमांनंतर एक भाऊ सरोवरात शिरून नाहीसा होतो आणि दुसरा स्वतःचे शरीर दहा भागांत लोकांना देतो. ही दहा पवित्र गाठोडी, ज्यांना ‘दहा आज्या’ असेही म्हटले जाते, वेगवेगळ्या राखणदारांकडे सोपवलेली आहेत. संकटात सापडलेला माणूस तिथे प्रार्थनेसाठी जातो आणि अर्पण ठेवतो. पूर्वी भांडणातील दोन्ही पक्ष राखणदाराकडे जात आणि तो चिलीम पुढे करून समेट घडवी.

ही कथा अनेकदा छापली गेली आहे आणि ती सांगायला हरकत नाही. गाठोड्यांत काय आहे, ती आज कोणाच्या घरी आहेत, त्यांच्यापुढे कोणते शब्द उच्चारले जातात, हे मात्र विचारू नये. आणि १९३५ मधील सांता फे येथील मानववंशशास्त्र प्रयोगशाळेच्या क्षेत्रकार्याच्या टिपणांसारख्या जुन्या संग्रहांत असे काही सापडले, तरी ते पुढे पसरवू नये. त्या काळी वृद्धांनी जे सांगितले ते कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या विश्वासाने सांगितले, हे टिपणांत क्वचितच लिहिलेले असते. संग्रहालयात अशी वस्तू किंवा तिचे छायाचित्र दिसले, तर त्याची प्रत काढण्यापूर्वी जमातीच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. १९९० च्या संघीय कायद्याने पवित्र वस्तू आणि मानवी अवशेष जमातींना परत मागण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे असा प्रश्न विचारण्याची रीतसर वाट आता उपलब्ध आहे.

गोर्ड डान्स : प्रत्यक्ष उपस्थिती

पाहुणा म्हणून जाण्यासाठी सर्वांत योग्य प्रसंग म्हणजे कार्नेगीच्या उद्यानात ४ जुलैच्या आसपास भरणारा कायोवा गोर्ड क्लॅनचा मेळावा. गोर्ड म्हणजे भोपळा. भोपळ्याच्या खुळखुळ्याचे हे नृत्य मूळचे ‘ताइम्पेगो’ या योद्धा मंडळाचे. ते पूर्वी काडोच्या दिवसांत होत असे, आणि जुलैची ही वेळ त्या उन्हाळी जमावाशीच नाते सांगते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते जवळजवळ थांबले होते. १९५७ मध्ये काही कुटुंबांनी ते पुन्हा उभे केले, आणि तेथून ते इतर जमातींत व दूरच्या शहरांतील मेळाव्यांत पसरले. शहरातील सभागृहात पाहिलेल्या गोर्ड डान्सवरून कायोवांच्या नृत्याविषयी मत बनवू नये. पसरताना त्यातील बरेच नियम सैल झाले, आणि त्याविषयी अनेक कायोवा ज्येष्ठांनी नाराजी बोलून दाखवली आहे.

काय पाहावे ते सांगतो. रिंगणाच्या मध्यभागी मोठा ढोल असतो, त्याभोवती गायक बसतात आणि त्यांच्या मागे गायिका. नर्तक कडेने उभे असतात. प्रत्येकाच्या उजव्या हातात खुळखुळा असतो, पूर्वी तो भोपळ्याचा असे, आता पुष्कळदा धातूचा असतो, डाव्या हातात पिसांचा पंखा, खांद्यावर अर्धी लाल अर्धी निळी घोंगडी, कमरेला शेला, आणि छातीवर तिरकी, मेस्कल बियांची लालसर माळ. ढोलाचे ठोके हलके असताना नर्तक जागच्या जागी टाचा उचलून गुडघ्यांत किंचित लवत राहतो आणि खुळखुळा छातीच्या उंचीवर ठोक्याबरोबर हलवतो. ठोके जड झाले की तो मध्याच्या दिशेने काही पावले सरकतो. सुरुवातीची गाणी संथ असतात आणि दुपार उतरेल तशी ती चढत जातात. गाण्याच्या शेवटी लांडग्याच्या हाकेसारखा स्वर ऐकू येतो, कारण कथेप्रमाणे एका तांबड्या लांडग्याने मागच्या पायांवर उभे राहून, खुळखुळा हलवत हे गाणे आणि नृत्य एका एकाकी योद्ध्याला शिकवले. स्त्रिया शाल पांघरून पुरुषांच्या मागे, रिंगणाच्या बाहेरच्या बाजूला आपल्या जागीच ठोका धरतात. त्यांचे उभे राहणे गौण समजू नये. ज्या मुलाचा, भावाचा किंवा नातवाचा त्या दिवशी गौरव होत आहे, त्याच्या पाठीशी घर उभे असल्याची ती जाहीर खूण आहे.

उपस्थित राहताना पुढील रीत पाळावी. बसण्यासाठी स्वतःची खुर्ची न्यावी आणि ती पहिल्या रांगेत मांडू नये. त्या जागा नर्तकांच्या कुटुंबांच्या असतात, आणि घोंगडी टाकलेली रिकामी खुर्चीही रिकामी नसते. रिंगण ओलांडून जाऊ नये, बाहेरून वळसा घालावा. निवेदक उभे राहण्यास सांगेल तेव्हा उभे राहावे, टोपी उतरवावी आणि त्याच्या सूचना शेवटपर्यंत ऐकाव्यात, कारण छायाचित्रे केव्हा चालतील व केव्हा नाहीत हे तोच सांगतो. ते सांगितले नसेल, तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. गरुडाचे पीस जमिनीवर पडले तर सगळे थांबते आणि ते उचलण्याचा मान माजी सैनिकाला दिला जातो. तेव्हा स्वतः पुढे होऊ नये आणि त्या क्षणाचे चित्रणही करू नये. पिसे विकत घेण्याचा तर विचारही नको. गरुडाची पिसे बाळगणे हे संघीय कायद्याने नियंत्रित आहे आणि ती सवलत मान्यताप्राप्त जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांनाच आहे.

मधूनमधून एखादे कुटुंब पुढे येऊन आपल्या माणसासाठी गाणे मागते. गाण्यादरम्यान लोक त्या व्यक्तीच्या पायाशी पैसे ठेवतात आणि हस्तांदोलन करून तिच्या मागे नाचण्यात सामील होतात. त्यानंतर वाटप होते. ज्याचा गौरव झाला त्याने घ्यायचे नसते, द्यायचे असते. घोंगड्या, शाली, खाद्यपदार्थांच्या टोपल्या आणि पैसे इतरांना नावाने बोलावून दिले जातात. परक्या पाहुण्यालाही बोलावले जाऊ शकते. तेव्हा नम्रपणे नाकारणे हा तेथे नम्रपणा ठरत नाही. पुढे जावे, वस्तू घ्यावी, उभ्या असलेल्या संपूर्ण रांगेशी हस्तांदोलन करावे आणि शांतपणे जागेवर यावे.

गाणी ध्वनिमुद्रित करायची असल्यास मुख्य गायकाची परवानगी विश्रांतीच्या वेळी, उपकरण बंद असताना मागावी. काही गाणी एखाद्या युद्धात पडलेल्या विशिष्ट माणसाच्या नावाने बांधलेली आहेत आणि त्यांवर त्या कुटुंबाचा हक्क आहे. गायक होकार देऊनही कुटुंब नकार देऊ शकते, आणि तो नकार अंतिम असतो.

इतर दोन मंडळांचीही माहिती असावी. ‘टोंकोंगा’ म्हणजे ब्लॅक लेगिंग्ज मंडळ १९५८ मध्ये गस पामर यांच्या पुढाकाराने, दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या त्यांच्या भावाच्या स्मरणार्थ पुन्हा सुरू झाले. त्यात लष्करी सेवा केलेले कायोवा पुरुषच असतात. त्यांच्या खांद्यांवरील लाल केप (बिनबाह्यांची, पाठीवर सोडलेली वस्त्रे) एका पूर्वजाने मेक्सिकन अधिकाऱ्याकडून जिंकलेल्या केपची आठवण देतात, आणि परतलेल्या सैनिकांसाठी स्त्रिया विजयनृत्य करतात. ‘ओहोमा’ मंडळ १८८४ च्या सुमारास शायान जमातीकडून आले आणि बंदीच्या संपूर्ण काळात त्याने आपली नृत्ये सोडली नाहीत. या दोन्हींच्या समारंभांना वरील रीतच लागू होते, फक्त अधिक काटेकोरपणे.

घोस्ट डान्स आणि पेयोटी

काडो थांबला त्याच वर्षी, १८९० मध्ये, घोस्ट डान्स ही नवी धार्मिक नृत्यचळवळ कायोवांपर्यंत पोहोचली. मेलेले आप्त आणि गवे परत येतील ही आशा ज्यांनी नुकतेच दोन्ही गमावले होते त्यांना किती जवळची वाटली असेल! त्यांनी आपियातान या तरुणाला नेवाडात वोवोका या द्रष्ट्याकडे चौकशीसाठी पाठवले. तो निराश होऊन परतला आणि १८९१ च्या फेब्रुवारीत अनाडार्कोच्या सभेत त्याने ते सर्वांसमक्ष सांगितले. बहुतेकांनी नृत्य सोडले, तरी १८९४ पासून ते पुन्हा सुरू झाले आणि अधिकाऱ्यांच्या दबावाने बंद होईपर्यंत वीसेक वर्षे चालले. अभ्यासकाने हा दुसरा काळ वगळू नये. १८९० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन सैन्याने केलेल्या लाकोटा लोकांच्या वुंडेड नी येथील हत्याकांडाबरोबर घोस्ट डान्स संपला, असे गृहीत धरणारी पुस्तके कायोवांबाबत चुकीची ठरतात.

पेयोटीच्या विधीविषयी मोजकेच सांगतो. तो टिपीत, रात्रभर चालतो. पश्चिमेला चंद्रकोरीच्या आकाराची मातीची वेदी असते, तिच्यामागे प्रमुख बसतो, दार पूर्वेला असते आणि मध्ये अग्नी. काठी, खुळखुळा आणि पाणी भरलेल्या लोखंडी भांड्यावर कातडे ताणून केलेला ढोल हातोहात फिरतो व प्रत्येकजण चार गाणी म्हणतो. मध्यरात्री पाणी येते, पहाटे एक स्त्री पाणी घेऊन आत येते आणि प्रार्थना करते, त्यानंतर मका, मांस आणि फळे यांचा अल्पोपाहार होतो. नेटिव्ह अमेरिकन चर्च या नावाने या उपासनेची ओक्लाहोमात १९१८ मध्ये नोंदणी झाली, आणि १९९४ च्या कायद्यातील दुरुस्तीने मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना धार्मिक कारणासाठी पेयोटी वापरण्याचे संरक्षण मिळाले. हे संरक्षण इतरांना नाही. रोपाच्या परिणामांविषयी कुतूहल असलेल्याने तेथे जाण्याची खटपट करू नये. सहसा एखाद्याच्या आजारपणासाठी, वाढदिवसासाठी किंवा परतलेल्या सैनिकासाठी कुटुंब ही सभा भरवते, आणि निमंत्रण मिळालेच तर आपण त्या कुटुंबाच्या प्रार्थनेत बसलो आहोत असे समजून पहाटेपर्यंत बसावे.

भजने आणि जागा

१८९० च्या दशकात रेनी माउंटन आणि सॅडल माउंटन येथे बॅप्टिस्ट मिशने सुरू झाली. त्यांतून उभी राहिलेली कायोवा भजने भाषांतरित नाहीत. ती कायोवा भाषेतच सुचलेली असून त्यांची चाल जुन्या गाण्यांच्या जवळची आहे. एकजण आरंभ करतो आणि बाकीचे वाद्याविना त्यात मिळतात. सकाळी चर्चमध्ये असलेला माणूस दुपारी रिंगणात दिसला, तर त्यात विसंगती शोधत बसू नये.

जागांना भेट देताना दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी. गोटेबो गावाजवळच्या लाँगहॉर्न पर्वतावरील सीडर कायोवा विधींत धूप म्हणून वापरतात. पर्वताची जमीन खासगी मालकीची आहे आणि चुनखडीच्या खाणीमुळे तिच्याविषयी मोठी चिंता निर्माण झाली होती, त्यामुळे तेथे परवानगीशिवाय जाऊ नये व झाडाची डहाळीही तोडू नये. वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर हा सुळका कायोवा कथेत सात बहिणींना अस्वल झालेल्या भावापासून वाचवणारा वृक्ष आहे. बहिणी आकाशात जाऊन सप्तर्षींचे तारे झाल्या. १९९५ पासून जून महिन्यात गिर्यारोहकांनी स्वेच्छेने तेथील चढाई टाळावी असे आवाहन केले जाते, आणि ते पाळावे.

लिहिताना

जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच नावाची अनेक स्पेलिंगे आढळतात, कारण कायोवा लिहिण्याच्या पद्धती एकापेक्षा अधिक आहेत. शोध घेताना सर्व रूपे वापरून पाहावीत आणि आपल्या लेखात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. मूनी यांच्या नोंदी मौल्यवान आहेत, मात्र त्यांची भाषा आणि निष्कर्ष त्यांच्या काळाचे आहेत, म्हणून त्यांच्याबरोबर कायोवा लेखकांचे आणि कार्नेगी येथील जमातीच्या संग्रहालयाचे साहित्य अवश्य वाचावे. काडोविषयी भूतकाळात आणि गाठोडी, मंडळे, पेयोटी, भजने यांविषयी वर्तमानकाळात लिहावे. हा एक व्याकरणाचा नियम पाळला, तरी निम्म्या चुका टळतात. ज्या कुटुंबाने गाण्याची किंवा कथेची माहिती दिली, त्याला मसुदा प्रसिद्धीपूर्वी दाखवावा, त्यांनी वगळायला सांगितलेले कारण न विचारता वगळावे, आणि ध्वनिमुद्रण व छायाचित्रे यांची प्रत त्यांच्याकडे पोहोचती करावी.